मालवाहू सायकलसाठी गिअर हब: कोणता घ्यावा आणि कशावरून ठरवावं?

दोनचाकी:
नमस्कार मंडळी. पुढे पेटी असलेली लांब मालवाहू सायकल बांधतेय, लाँग जॉन पद्धतीची. पुढचं चाक २० इंची, मागचं २६ इंची. सायकल, मी आणि भरलेली पेटी मिळून वजन २०० किलोपर्यंत जाईल. फ्रेम तयार आहे, मागचं चाक अजून विणायचंय, त्यामुळे हब (चाकाचा मधला भाग) आत्ताच ठरवावा लागेल.

डिरेलर, म्हणजे चेन एका दाती चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारी यंत्रणा, नको हे पक्कं आहे. भरलेली सायकल एकदम थांबवावी लागली की ती आहे त्या जड गिअरवरच अडकते, कारण उभ्या सायकलवर डिरेलरचा गिअर बदलत नाही. मग तिथून २०० किलो हलवायचे. गिअर हबमध्ये गिअर हबच्या आतच असतात, त्यामुळे थांबल्या जागी गिअर उतरवता येतो, मला मुख्य ओढ त्याचीच आहे.

शिमानो नेक्सस ८, अल्फिने ११, एन्व्हिओलो आणि रोहलॉफ १४ अशी चार नावं काढली आहेत. रोजच्या वाटेवर एक चढ आहे, अंदाजे ८ टक्क्यांचा. बाकी सगळं सपाट. मोटर सध्या नाही, पुढेमागे लावेनही. अल्फिनेला गिअर जास्त, म्हणजे चढाला ती नेक्ससपेक्षा बरी पडेल असं वाटतंय. वापरणाऱ्यांनी सांगा प्लीज.

पानापक्कड:
ताई, गिअर किती आहेत हे अगदी शेवटी बघा. आधी तुमचा सगळ्यात हलका गिअर किती हलका हवा ते काढू.

२०० किलो, ८ टक्के चढ. नुसतं वजन वर ओढायला साधारण १५७ न्यूटन जोर लागतो, टायरचं घर्षण धरून १७३. ताशी ५ किलोमीटरने चढायचं म्हटलं तरी २४० वॅट झाले. धडधाकट माणूस एवढी ताकद काही मिनिटं लावू शकतो, त्याहून जोरात जायची अपेक्षा ठेवू नका. आता ताशी ५ ला तुमचं २६ इंची चाक मिनिटाला ४० फेरे फिरतं. पाय मात्र मिनिटाला ५५-६० फेऱ्यांनी फिरायला हवेत, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर भार येतो. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेराही पूर्ण व्हायला नको, पाऊण फेऱ्याहूनही थोडं कमी.

नेक्सस ८ चा पहिला गिअर ०.५२७ आहे, म्हणजे हबवरच्या दाती चाकाच्या एका फेऱ्यात सायकलचं चाक ०.५२७ फेरा फिरतं. पुढे ३८ दाती आणि मागे १९ दाती, म्हणजे दुपटीचं प्रमाण धरलं तर पहिल्या गिअरला पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा १.०५ फेरा होतो. त्या चढावर तुमचे पाय मिनिटाला ३८ फेरे फिरतील. उभं राहून रेटावं लागेल.

आणि अल्फिने ११ चा पहिला गिअर किती? तोही ०.५२७! वाढीव गिअर आहेत ते वरच्या अंगाला, नेक्ससचा शेवटचा १.६१५ आणि अल्फिनेचा २.१५३. उतारावर जोरात पळणाऱ्याला त्याचा उपयोग. तुम्ही पेटीत सामान घेऊन उतारावर पेडल मारणार नाही, ब्रेक धराल. शिवाय अल्फिनेत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना २९ टक्क्यांची उडी आहे, नेक्ससमध्ये २२. चढावर नेमकी तीच उडी नडते.

रोहलॉफचा पहिला गिअर ०.२७९. पुढे ४० आणि मागे १६ दाती लावले तरी एकूण ०.७० पडतं, पाय ५८ फेऱ्यांनी फिरतात. म्हणजे हवं तेवढंच.

उनाड_वारा:
वाचतोय. मग नेक्ससलाच पुढचं चेनव्हील, म्हणजे पेडलपाशी असतं ते दाती चाक, लहान लावलं तर? २८ आणि मागे २२ असं काही?

पानापक्कड:
गणितात बसतं. एकूण ०.६७ होतं, म्हणजे चढ सुटला. सपाटीवर शेवटच्या गिअरला आरामात पाय मारत ताशी १८ च्या आसपास जाल, मालवाहू सायकलला तेही चालेल. पण त्याने हबवर काय बेततं ते गतिशास्त्र यांनी सांगावं, त्यांचा तो विषय आहे.

गतिशास्त्र:
चेनव्हील लहान केलं की पायाचा जोर हबपर्यंत पोचताना वाढतो. खरी मेख इथे आहे आणि खरेदी करताना ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

८० किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) पूर्ण वजनाने उभा राहिला तर क्रँकला सुमारे १३३ न्यूटन मीटर पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, बसतो. पुढे ४० आणि मागे २० असेल तर हबमध्ये शिरताना तो निम्मा होतो, ६७. प्रमाण २.५ केलं तर ५३. आणि २८-२२ लावलंत तर १०५! माणूस तोच, सायकल तीच, पण हबच्या आतल्या दात्यांवर आणि खिट्यांवर दुप्पट ताण. वर हँडल ओढून जोर लावला तर आकडे याच्याही पुढे जातात.

म्हणून हब बनवणारे लहानात लहान किती प्रमाण चालेल ते सांगतात. रोहलॉफ आत जाणाऱ्या पिळाला मर्यादा घालते. १०० किलोपर्यंतच्या एकट्या स्वारासाठी कमीत कमी १.९ प्रमाण, आणि त्याहून जड स्वार, टँडेम (दोघांनी चालवायची सायकल) किंवा मालवाहू सायकल असेल तर २.५. शिमानोचे आठ गिअरवाले हबही दुपटीच्या आसपासचं प्रमाण धरूनच बसवतात. तुमच्या पेटीतलं वजन थेट हबवर येत नाही, पण ते हलवायला तुम्ही जो जोर लावता तो येतो, आणि ओझं असलं की माणूस पूर्ण जोर लावतोच.

तर दोन गोष्टी एकत्र बघायच्या: हलका गिअर पुरेसा हलका आहे का, आणि तो मिळवताना प्रमाण मर्यादेखाली जातंय का. दोन्हींत बसेल तोच हब तुमचा.

चढणवाला:
गतिशास्त्र, आकडे मान्य. पण व्यवहारात थोडी सूट आहे असं माझं मत. माझ्या मालवाहू सायकलला नेक्सस ८ आहे आणि प्रमाण सुचवलेल्यापेक्षा कमी ठेवलंय. कित्येक वर्षं चालतोय, रोज ओझं असतं. पथ्य एकच: पहिल्या दोन गिअरला कधीही उभं राहायचं नाही, बसूनच पाय मारायचे. बसून मारलेला पाय आणि वजन टाकून मारलेला पाय यांत फार फरक पडतो.

दुसरं म्हणजे गिअर बदलताना क्षणभर पाय सैल सोडायचा. पूर्ण थांबायची गरज नाही, अर्धा फेरा नुसता फिरवायचा. ‘टक्’ असा आवाज येऊन गिअर बसला की मग जोर. चढाच्या मध्यावर येऊन गिअर शोधत बसू नका, चढ लागायच्या आधीच खाली या.

तिसरं, वायर. हब बिघडला म्हणून जे लोक ओरडतात त्यांतल्या निम्म्यांची वायर ढिली असते. नेक्सस ८ ला शिफ्टर चौथ्यावर ठेवायचा, मग हबच्या उजव्या टोकाला, चेनच्या शेजारी, छोट्या खिडकीत दोन पिवळ्या रेघा दिसतात. त्या समोरासमोर आल्या पाहिजेत. केसभर जरी पुढेमागे असल्या तरी ओझ्याखाली गिअर निसटतो, आणि निसटताना आतले दाते कोपऱ्यावर घासतात. मी महिन्यातून एकदा चाकाशेजारी बसून फडक्याने ती खिडकी पुसतो, पहिल्यावर नेऊन परत चौथ्यावर आणतो आणि रेघा बघतो. सायकल उभी असते तेव्हा जुळलेल्या दिसतात आणि दोनदा गिअर बदलला की सरकलेल्या असतात, म्हणून परत आणून बघायचं. पुसायला आणि बघायला जेवढा वेळ लागतो तेवढाच खर्च, पण हबचं आयुष्य त्यावर ठरतं.

गतिशास्त्र:
चढणवाला, तुमचं पथ्य बरोबर आहे आणि तुम्ही ते पाळता म्हणून हब टिकलाय. पण सायकल घरातला दुसरा कोणी चालवणार असेल तर त्याच्याकडून हे पाळलं जाईलच असं नाही. धागाकर्तीने नवीन चाक विणताना तरी मर्यादेत राहावं असं मी आग्रहाने म्हणेन.

आणखी एक. नेक्ससच्या आठ गिअरांत जोर कुठे वाया जातो ते माहीत असू द्या. आत दोन टप्पे आहेत. एक टप्पा वेग ०.५२७ पट करतो. दुसरा १.२२३, १.४१९ किंवा १.६१५ पट वाढवतो. पाचवा गिअर थेट, दोन्ही टप्पे स्वस्थ. सहा, सात, आठला फक्त वाढवणारा टप्पा चालतो. पहिल्याला फक्त कमी करणारा. पण दोन, तीन, चारला दोन्ही टप्पे एकाच वेळी काम करतात, एक कमी करतो आणि दुसरा त्यातलंच थोडं परत वाढवतो. पायाला तिथे ओढ जाणवते ती भास नाही. प्रमाण असं ठेवावं की रोजची सपाटी पाचव्यावर कापली जाईल.

दोनचाकी:
बापरे, किती मोलाची माहिती! सगळ्यांचे आभार. अल्फिने यादीतून काढली.

एन्व्हिओलोबद्दल कोणी बोललंच नाही. त्यात पायऱ्याच नाहीत म्हणतात, आणि चढावर भार असतानाही बदलता येतो. मग माझ्यासारखीला तोच सोपा नाही का?

संथवाहिनी:
मी वापरते, मोटर असलेल्या मालवाहू सायकलवर. आधी नाव न्यूविन्ची होतं, २०१८ पासून एन्व्हिओलो. आत दातेरी गिअर नाहीत, पोलादी गोळे आहेत, दोन कड्यांमध्ये धरलेले. मूठ फिरवली की गोळ्यांचे आस कलतात आणि कड्या गोळ्यांना वेगळ्या जागी टेकतात, त्यामुळे वेगाचं प्रमाण हळूहळू बदलतं. गोळे आणि कड्या यांच्यामध्ये खास द्रव असतो, तो दाबाखाली घट्ट होऊन जोर पुढे नेतो. म्हणून निसटणं नाही, टकटक नाही, आणि वायर थोडी ढिली असली तरी बिघडत नाही.

सिग्नलला उभी असताना मूठ फिरवून हलका करते आणि निघते. मुलं पेटीत असतात तेव्हा हा निवांतपणा मला फार मोलाचा वाटतो. उघडून तेल बदलायची भानगड नाही.

पण मोटरशिवाय मी कोणाला सुचवणार नाही. हब जड आहे आणि पायाला सतत चिकट लागतं, विशेषतः दोन्ही टोकांना. आवाका ३८० टक्के म्हणजे अर्ध्यापासून १.९ पर्यंत. खालचं टोक ०.५, नेक्ससच्या पहिल्या गिअरपेक्षा किंचितच हलकं. चढाचा तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही, वर थोडा जोर आतच जिरतो. आणि भर चढावर जोर लावत असताना मूठ फिरते हे खरं, पण जाम लागते, मनगटाने ओढावी लागते.

जुनं_ते_सोनं:
तीन गिअरांची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब १९०२ पासूनच्या घराण्यातला, नॉटिंगहॅमचा. ती कंपनी २००० साली तैवानच्या सनरेसकडे गेली, पण हब अजून बनतात. ०.७५, १ आणि १.३३. आत सुटे भाग इतके थोडे की घरी उघडून, धुऊन, परत जोडता येतो. सपाट भागात ओझं वाहणाऱ्याला याहून जास्त लागत नाही. जुन्या हबांत मात्र दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये एक मोकळी जागा असते, तिथे पेडल एकदम रिकामं फिरतं. उभं राहून जोर लावणाऱ्याने वायर नीट ठेवली नाही तर तोंडावर पडेल.

धागाकर्तीच्या चढाला हा पुरणार नाही, कबूल. पण त्याच कंपनीचा आठ गिअरचा हब बघून कोणी भुलू नये म्हणूनही सांगतो: त्यात पहिला गिअर थेट आहे आणि बाकीचे सगळे त्याहून जड. २६ इंची चाकाला तो बसवून चढ चढायचा तर पुढचं चेनव्हील हास्यास्पद वाटेल इतकं लहान लागतं. तो लहान चाकांच्या सायकलींसाठीच बरा.

पानापक्कड:
+१. लहान चाकाचा मुद्दा निघाला ते बरं झालं. ज्यांची फ्रेम अजून बनायची आहे त्यांनी मागचं चाकही २० इंची करायचा विचार जरूर करावा. त्याच चढावर, त्याच वेगाला, ते चाक मिनिटाला ५४ फेरे फिरतं. मग साधा नेक्सस ८, दुपटीचं प्रमाण, आणि पाय ५१ फेऱ्यांनी! हबवर ताण न वाढवता हलका गिअर मिळाला. वरच्या गिअरला ताशी २० च्या पुढे जाता येतं. चाक लहान, म्हणून मजबूतही.

फक्त विणताना काळजी. गिअर हबच्या कडा मोठ्या असतात, २० इंची रिमला स्पोक फार तिरके जातात. मोठ्या चाकासारखे तीनदा ओलांडून विणले तर रिमजवळ निपलपाशी स्पोक वाकतो आणि तिथेच तुटतो. एकदा, फार तर दोनदा ओलांडायचा. ओझ्यासाठी ३६ छिद्रांचा हब घ्यायचा, रोहलॉफही ३६ छिद्रांत मिळतो.

आणि एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) दोन्ही बाजूंच्या वॉशरकडे दुर्लक्ष करू नका. गिअर हबचा एक्सल स्वतः फिरायला बघतो, त्याला ते दातवाले वॉशर ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे फ्रेमच्या ज्या खाचेत एक्सल बसतो तिथे, अडवून धरतात. ड्रॉपआउट उभा की आडवा यावर वॉशर बदलतो आणि रंगावरून ओळखता येतो. चुकीचा घातला तर एक्सल हळूच फिरतो, वायर ओढली जाते आणि गिअर आपोआप सरकायला लागतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका सायकलचा हब मालकाने बाद ठरवला होता, दोष फक्त वॉशरचा निघाला. नट १५ च्या पान्याने पूर्ण घट्ट. रोहलॉफला पीळ धरायची स्वतंत्र सोय असते, फ्रेमला कोणती जुळते ते आधी बघून घ्या.

पायाने मागे फिरवून लागणारा ब्रेक हबमध्ये असलेला प्रकार मात्र घेऊ नका. ओझ्यासकट लांब उतारावर तो तापतो आणि धरेनासा होतो. डिस्कचाच घ्या.

उनाड_वारा:
आणि मोटर? त्या म्हणाल्या आहेत पुढेमागे लावेन म्हणून.

गतिशास्त्र:
मोटर कुठे लावता यावर सगळं अवलंबून. क्रँकजवळची मोटर हबमधूनच जोर पाठवते. मालवाहू सायकलींच्या मोटरी ८५ न्यूटन मीटरपर्यंत पीळ देतात, त्यात तुमच्या पायाचे ६० धरा. १४५ झाले. दुपटीच्या प्रमाणाला हबमध्ये ७३ शिरणार, तेही सतत, दर फेऱ्याला. आणि मोटर पायासारखी आपसूक सैल सोडत नाही, गिअर बदलताना तिचा जोर क्षणभर तोडणारी सोय नसेल तर दाते जातात. शिमानोने पाच गिअरचा नेक्सस याच कामासाठी काढलाय, गिअर कमी पण दणकट, आवाका २६३ टक्के. मोटर असली की आवाका कमी चालतो.

पुढच्या चाकाच्या हबमध्ये मोटर बसवली तर मागच्या गिअर हबला फक्त तुमच्या पायाचा जोर. लाँग जॉनमध्ये पेटीचं बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे भरलेली असताना चाक घसरत नाही. रिकामी असताना ओल्या चढावर घसरू शकतं.

निवांत_प्रवासी:
पिनिअनचा विचार केला का? गिअरबॉक्स क्रँकपाशीच, मागे साधा हब. बारा गिअरला ६०० टक्के आवाका, आत २५० न्यूटन मीटर झेपतात. पंक्चर काढताना मागे वायर नाही काही नाही.

पानापक्कड:
उत्तम वस्तू, पण त्यासाठी फ्रेमला खास जागा वेल्ड केलेली लागते. यांची फ्रेम झालेली आहे.

चढणवाला:
दोनचाकी, एक सुचवतो. चढ नुसत्या अंदाजाने धरू नका. सरळ फळी रस्त्यावर ठेवा, तिच्यावर फोन ठेवून कोन मोजा, दोन-तीन ठिकाणी. फोन अंशांत दाखवतो, टक्क्यांत नाही. ८ टक्के म्हणजे जेमतेम साडेचार अंश.

दोनचाकी:
मोजून आले. बहुतेक चढ साडेचार अंशच आहे, पण वळणाच्या आतल्या बाजूला फोनने ६.३ दाखवले. म्हणजे ११ टक्के! पानापक्कड यांच्या पद्धतीने गणित केलं. ताशी ४ ने चढले तरी २५८ वॅट लागतात. नेक्सस दुपटीच्या प्रमाणाला पाय ३१ फेऱ्यांवर येतात, रोहलॉफला ४६ वर. मोटरशिवाय जायचं तर नेक्सस त्या वळणावर मला उतरवणार. तेव्हा रोहलॉफ, ४०-१६, ३६ छिद्रं. पैसे साठवायला वेळ लागेल, तोवर फ्रेम थांबेल.

मोटर लावलीच तर पुढच्या चाकात. रोहलॉफच्या वापराबद्दल काही सांगण्यासारखं असेल तर आत्ताच सांगा.

पानापक्कड:
योग्य निवड. तीन गोष्टी. पहिल्या सात गिअरांत आवाज येतो, सातव्यात सगळ्यात जास्त; बिघाड समजू नका. तेल दर ५००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलायचं. आणि आठव्यावरून सातव्यावर येताना पाय नक्की सैल सोडायचा, कारण आत तिथे दोन संच एकदम बदलतात आणि जोर असला तर क्षणभर चौदावा लागतो. ओझं घेऊन चढावर ते होऊ देऊ नका. तुमच्या त्या वळणाच्या बऱ्याच आधी पाचव्या-सहाव्यावर या.

चाक कोण विणणार आहे? स्वतः विणणार असाल तर रिमचा अचूक आतला व्यास मोजून इथे टाका, स्पोकची लांबी काढून देतो.

दोनचाकी:
स्वतःच विणणार. रिम आली की मोजमाप टाकते.